गाडी कुठे जाते? गाडी जाते का?



परमुलखात निघालेल्या माणसाजवळ दोन गोष्टी लागतात. एक, कनवटीला पैसा. दुसरी, नीट प्रश्न विचारता येणे. पैसा थोडा कमी असला तरी माणूस निभावून नेतो. पण प्रश्न चुकला की गाडी चुकते. गाडी चुकली की वेळ जातो आणि पैसाही जातो.

आपल्या गावी आपण मराठीत विचारतो. बोलण्यात चूक झाली तरी समोरचा माणूस समजून घेतो. पण मराठी मुलूख संपला की तसे होत नाही. तमीळ मुलखात मराठी कोणाला कळत नाही. हिंदीही सगळ्यांना येत नाही. तेथे थोडके इंग्रजी उपयोगी पडते. चौकशीच्या खिडकीवर, बसच्या कंडक्टरजवळ, दवाखान्याच्या दारात कामापुरते इंग्रजी चालते.

या पाठात आपल्याला सगळी इंग्रजी भाषा शिकायची नाही. गाडीची चौकशी करण्याचे थोडेसे प्रश्न शिकायचे आहेत. हे प्रश्न एकमेकांसारखे वाटतात. पण प्रत्येकाचे उत्तर निराळे येते. तो फरक ध्यानात आला म्हणजे पुष्कळ काम झाले.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, सोलापूर जिल्ह्यातले एक शेतकरी दादा आणि वहिनी वेल्लोरला निघाले आहेत. दादांच्या काळजाची झडप बिघडली आहे. चार पावले चालले तरी त्यांना धाप लागते. वेल्लोर हे गाव तमिळनाडूत आहे. तेथे एक मोठे रुग्णालय आहे. डॉक्टर आयडा स्कडर नावाच्या बाईंनी ते १९०० साली एका खाटेच्या दवाखान्यापासून सुरू केले. आज तेथे देशभरातून रोगी येतात. दादांना तेथली तारीख मिळाली आहे. सकाळी दहा वाजता नंबर आहे. तो हुकला तर नवी तारीख मिळेपर्यंत परगावात खोलीचे भाडे भरत राहावे लागेल.

वहिनी रात्रीच्या वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या आहेत. चौकशीचे काम त्यांच्याकडे आहे.

१. आधी पहिला शब्द ऐका

मराठीतली ही तीन वाक्ये वाचा.

ही बस वेल्लोरला जाते का?
ही बस कुठे जाते?
वेल्लोरला कोणती बस जाते?

तिन्ही वाक्यांत बस आहे. तिन्हींत जाणे आहे. पण उत्तरे पाहा. पहिल्याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही'. दुसऱ्याचे उत्तर एखाद्या गावाचे नाव. तिसऱ्याचे उत्तर बसचा नंबर. किंवा समोरचा माणूस बोटाने बस दाखवील.

पहिल्या वाक्यात 'का' हा शब्द शेवटी आला. त्या 'का'मुळे कळते की उत्तर होय-नाहीत हवे आहे. म्हणजे मराठीत ही खूण वाक्याच्या शेपटीला असते. इंग्रजीत मात्र खूण वाक्याच्या तोंडाशी असते. तीच तीन वाक्ये इंग्रजीत अशी:

डझ धिस बस गो टू वेल्लोर?
व्हेअर डझ धिस बस गो?
व्हिच बस गोज टू वेल्लोर?

'धिस बस' म्हणजे ही बस. 'गो' म्हणजे जाणे. 'टू वेल्लोर' म्हणजे वेल्लोरला. हे सोपे आहे. आता पहिला शब्द पाहा.

वाक्य 'डझ'ने सुरू झाले तर उत्तर होय किंवा नाही.
वाक्य 'व्हेअर'ने सुरू झाले तर उत्तर जागेचे नाव. व्हेअर म्हणजे कुठे.
वाक्य 'व्हिच'ने सुरू झाले तर उत्तर अनेकांतले एक. व्हिच म्हणजे कोणता, कोणती, कोणते.

दुसऱ्या वाक्यातही 'डझ' आहे. पण तो पहिला नाही. त्याच्या आधी 'व्हेअर' आहे. म्हणून ते वाक्य 'कुठे'चे झाले. गर्दीत पुढचे शब्द ऐकू आले नाहीत तरी चालेल. पहिला शब्द मात्र स्पष्ट म्हणा. घाईघाईने पहिला शब्द गिळू नका.

आणखी एक गंमत पाहा. पहिल्या दोन वाक्यांत 'गो' आहे. तिसऱ्यात 'गोज' आहे. असे का? पहिल्या दोन वाक्यांत 'डझ' आहे, म्हणून 'गो' पुरतो. तिसऱ्यात 'डझ' नाही, म्हणून 'गोज' म्हणायचे. शेवटचा तो आवाज एकदाच लागतो. तो 'डझ'मध्ये तरी असतो, नाही तर 'गोज'मध्ये तरी. चुकून 'व्हिच बस गो' म्हटले, तरी समजते. तेवढ्यासाठी गाडी चुकत नाही. पण 'व्हेअर'च्या जागी 'डझ' म्हटले, तर चुकू शकते.

२. 'कुठे आहे' आणि 'कसे जायचे'

रेल्वेने वेल्लोरला जाणारे बहुतेक लोक काटपाडी जंक्शनला उतरतात. वेल्लोरसाठी मोठे स्टेशन तेच आहे. हे आधी माहीत नसले तर माणूस गाडीत 'वेल्लोर कधी येणार' म्हणत बसतो आणि काटपाडी मागे जाते. तेव्हा गावाचे नाव आणि स्टेशनाचे नाव, दोन्ही कागदावर लिहून घ्यावे.

स्टेशनावरची मोठी पाटी तीन लिप्यांत असते. तमीळ, इंग्रजी आणि हिंदी. हिंदीची अक्षरे आपल्या मराठीचीच. तेव्हा परमुलखातही स्टेशनाचे नाव तुम्हांला वाचता येते. वहिनींनी खिडकीतून पाटी वाचली. "का-ट-पा-डी. अहो, उठा. आपलं स्टेशन आलं." हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.

बाहेर आल्यावर मात्र विचारणे भाग होते. दादा म्हणाले, "दवाखाना कुठं हाय ते विचार."

वहिनींनी विचारले, "व्हेअर इज द हॉस्पिटल?"

त्या माणसाने हात लांब करून एक दिशा दाखवली आणि तो निघून गेला. त्याचे चुकले का? नाही. 'व्हेअर इज' म्हणजे 'कुठे आहे'. त्याने कुठे आहे ते दाखवले. पण हातात पिशव्या, बरोबर आजारी माणूस. आणि रुग्णालय सुमारे सात किलोमीटरवर. नुसती दिशा कळून काय उपयोग?

येथे दुसरा प्रश्न हवा.

हाऊ डू आय गेट टू द हॉस्पिटल?

म्हणजे 'मी रुग्णालयाला कसा जाऊ? कशी जाऊ?' याचे उत्तर येते: 'बाय बस', म्हणजे बसने. किंवा 'बाय ऑटो', म्हणजे रिक्षाने. 'वॉक' म्हटले तर चालत जा.

व्हेअर इज — जागा कळते.
हाऊ डू आय गेट टू — जाण्याचे साधन आणि वाट कळते.

यातला 'गेट' शब्द ऐकून फसू नका. आपण फाटकाला गेट म्हणतो. रेल्वेचे गेट, बाजार समितीचे गेट. ते गेट निराळे. येथे 'गेट टू' म्हणजे पोचणे. फाटकाशी त्याचा संबंध नाही.

आपल्या देशात पुष्कळ लोक 'हाऊ टू गो?' असेही विचारतात. पुस्तकी इंग्रजीत ते पुरे वाक्य नव्हे. पण समोरच्याला अर्थ कळतो. लांब वाक्य आठवले नाही तर 'हाऊ टू गो हॉस्पिटल?' असे विचारा. लाजू नका. गप्प बसण्यापेक्षा मोडके वाक्य बरे.

आता एक सावधगिरी. या रुग्णालयाची जागा एकच नाही. जुने मोठे रुग्णालय वेल्लोर शहरात आहे. दुसरे राणीपेटच्या बाजूला हमरस्त्यावर आहे. नुसते 'हॉस्पिटल' म्हटले तर समोरच्याने कोणते समजावे? म्हणून वहिनींनी तारखेचा कागद काढला. त्यावर कोणत्या जागी यायचे ते लिहिलेले होते. दादांची तारीख शहरातल्या रुग्णालयातली होती. मग त्या पुढे 'टाउन हॉस्पिटल' असे म्हणू लागल्या. जागेचे नाव नेहमी पुरे सांगावे.

३. नुसत्या होकारावर बसू नका

दादा-वहिनी बसजवळ आले. बसवरची पाटी तमीळ अक्षरांत होती. ती वाचता येईना. वहिनींनी कंडक्टरला विचारले, "डझ धिस बस गो टू टाउन हॉस्पिटल?"

कंडक्टरने तोंडाने काही म्हटले नाही. फक्त मान दोन्ही बाजूंना डोलवली.

दादा म्हणाले, "न्हाई म्हणतोय त्यो. चल, दुसरी बघू."

वहिनी म्हणाल्या, "थांबा हो जरा. दुसऱ्या तऱ्हेनं विचारते." आणि त्यांनी विचारले, "व्हेअर डझ धिस बस गो?"

कंडक्टर म्हणाला, "ओल्ड बस स्टँड. हॉस्पिटल देअर. कम, कम!"

दादा बसमध्ये चढता चढता म्हणाले, "मग मान का हलवली गं त्यानं?"

त्याचे असे आहे. दक्षिणेकडे पुष्कळ लोक होकार देताना मान दोन्ही बाजूंना डोलवतात. आपल्याला तो नकार वाटतो. आपण चांगली गाडी सोडून देतो.

याच्या उलटही घडते. कोणी घाईत असतो. कोणाला प्रश्न नीट ऐकू आलेला नसतो. कोणाला परक्या माणसाला 'नाही' म्हणणे जिवावर येते. तो 'येस, येस' म्हणतो. आपण चुकीच्या गाडीत बसतो. हे आपल्याकडेही होते. वाट विचारली तर माहीत नसलेला माणूसही 'असेच सरळ जा' म्हणतो.

'डझ'च्या प्रश्नाला नुसती मान हलवली तरी उत्तर होते. 'व्हेअर'च्या प्रश्नाला तोंड उघडून नाव सांगावे लागते. ज्याला माहीत नाही त्याला नाव सांगता येत नाही. म्हणून 'व्हेअर'चे उत्तर जास्त भरवशाचे.

तेव्हा हा क्रम ठेवा.

पहिल्यांदा विचारा: व्हिच बस गोज टू वेल्लोर?
मग बसपाशी जाऊन विचारा: व्हेअर डझ धिस बस गो?
बसल्यावर खात्री करा: डझ धिस बस गो टू वेल्लोर?

आणि शक्य असेल तर दोन निरनिराळ्या माणसांना विचारा. दोघांचे उत्तर एकच आले तर बसायला हरकत नाही.

४. फार, लाँग आणि मच

मराठीत आपण 'किती' हा एक शब्द सगळीकडे वापरतो. किती लांब? किती वेळ? किती पैसे? इंग्रजीत 'हाऊ' हा शब्द पुढे येतो. पण त्याच्या जोडीचा शब्द दर वेळी बदलतो.

हाऊ फार इज इट? — किती लांब आहे?
हाऊ लाँग डझ इट टेक? — किती वेळ लागतो?
हाऊ मच इज द टिकेट? — तिकीट किती?

येथे मराठी माणसाला दोन ठिकाणी चकवा बसतो.

पहिला चकवा 'लाँग'चा. 'लाँग' हा शब्द आपल्या 'लांब'सारखा ऐकू येतो. म्हणून वाटते, 'हाऊ लाँग' म्हणजे 'किती लांब' असणार. दोरी किंवा कापड मोजताना तसा अर्थ होतो. पण प्रवासात 'हाऊ लाँग डझ इट टेक' म्हणजे किती वेळ लागतो. त्याचे उत्तर मिनिटांत येते, किलोमीटरमध्ये नाही.

दुसरा चकवा 'फार'चा. मराठीत 'फार' म्हणजे पुष्कळ. इंग्रजीत 'फार' म्हणजे दूर. आवाज तोच, अर्थ निराळा.

बसमध्ये दादांनी हेच विचारले. "फार म्हंजी लई. मग हाऊ फार म्हंजी किती लई?"

वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, लई न्हाई. दूर. दूर किती ते विचारायला फार म्हणायचं. वेळ किती ते विचारायला लाँग."

"आन् आपल्याला काय विचारायचं हाय?"

"आपला नंबर धाला हाय. तवा वेळच विचारायला पायजे." वहिनींनी कंडक्टरला विचारले, "हाऊ लाँग डझ इट टेक?"

"हाफ ॲन अवर," कंडक्टर म्हणाला. म्हणजे अर्धा तास.

येथे वहिनींनी योग्य प्रश्न निवडला. 'हाऊ फार' विचारले असते तर 'सेव्हन किलोमीटर्स' असे उत्तर आले असते. सात किलोमीटर हे ऐकून काय कळणार? मोकळ्या रस्त्याला सात किलोमीटर म्हणजे थोडा वेळ. गर्दीच्या रस्त्याला तेच सात किलोमीटर म्हणजे बराच वेळ. चालायचे असेल तर 'हाऊ फार' विचारावे. वेळ गाठायची असेल तर 'हाऊ लाँग' विचारावे. रिक्षात बसण्याआधी 'हाऊ मच' विचारावे. बसल्यावर विचारू नये.

५. कुठे उतरायचे?

बरोबर बस मिळाली म्हणजे सगळे झाले असे नाही. बरोबर ठिकाणी उतरलेही पाहिजे.

व्हेअर डू आय गेट ऑफ? — मी कुठे उतरू?
प्लीज टेल मी व्हेन टू गेट ऑफ. — उतरायची वेळ आली की मला सांगा.

पहिले वाक्य हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर म्हणून थांब्याचे नाव कळते. पण परक्या गावात नाव कळूनही तो थांबा ओळखू येत नाही. म्हणून दुसरे वाक्य जास्त उपयोगी. ते विनंतीचे वाक्य आहे. ते कंडक्टरला सांगावे आणि शेजारच्या माणसालाही सांगावे. एक विसरला तर दुसरा सांगतो.

'गेट' शब्द येथे पुन्हा आला. 'गेट ऑन' म्हणजे चढणे. 'गेट ऑफ' म्हणजे उतरणे. आपल्या देशात पुष्कळ लोक उतरण्याला 'गेट डाउन' म्हणतात. तेही सगळ्यांना कळते. पण 'ऑन' आणि 'ऑफ' यांची अदलाबदल करू नका. दिवा लावताना आपण ऑन म्हणतो, घालवताना ऑफ म्हणतो. तीच जोडी. गाडीत चढताना ऑन, गाडी सोडताना ऑफ.

'बस स्टॉप' आणि 'बस स्टँड' यांतही फरक आहे. रस्त्याच्या कडेला बस क्षणभर थांबते तो स्टॉप. जेथून पुष्कळ बसगाड्या सुटतात ते स्टँड. आपण त्याला एस.टी. स्टँड म्हणतो तेच. वेल्लोरला दोन स्टँड आहेत. एक 'ओल्ड', म्हणजे जुने. एक 'न्यू', म्हणजे नवे. दोन्हींमध्ये बरेच अंतर आहे. नुसते 'बस स्टँड' म्हटले तर माणूस भलत्याच स्टँडवर जाईल. शहरातले रुग्णालय जुन्या स्टँडच्या जवळ आहे.

जुन्या स्टँडजवळची आणखी एक खूण सांगतो. तेथे मोठा दगडी किल्ला आहे. भोवती पाण्याने भरलेला खंदक आहे. १६७७ साली शिवाजी महाराजांच्या फौजेने या किल्ल्याला वेढा घातला. पुढच्या वर्षी, १६७८ साली, किल्ला मराठ्यांच्या हाती आला. परगावात अशी न चुकणारी खूण विचारून ठेवावी. वेल्लोरला 'फोर्ट' म्हटले की कोणीही दाखवील. फोर्ट म्हणजे किल्ला.

६. परतीची गाडी

तपासणी झाली. औषधे मिळाली. आता परत यायचे आहे. परतीच्या वेळी तीन गोष्टी नीट विचाराव्या लागतात.

पहिली गोष्ट, 'हून' आणि 'ला'. मराठीत आपण म्हणतो, 'काटपाडीहून सोलापूरला'. 'हून' आणि 'ला' गावाच्या नावाला मागून चिकटतात. इंग्रजीत ते पुढे येतात. 'फ्रॉम काटपाडी टू सोलापूर.' फ्रॉम म्हणजे हून. टू म्हणजे ला. तिकिटाच्या खिडकीवर नुसते 'काटपाडी, सोलापूर' म्हणू नका. फ्रॉम आणि टू लावून म्हणा. नाही तर उलट्या दिशेचे तिकीट हाती पडेल. तिकीट हाती आले की खिडकीजवळच वाचून पाहा. पैसे परत मिळवणे पुढे अवघड होते.

दुसरी गोष्ट, 'सुटणे' आणि 'पोचणे'.

व्हेन डझ द ट्रेन लीव्ह? — गाडी कधी सुटते?
व्हेन डझ द ट्रेन रीच सोलापूर? — गाडी सोलापूरला कधी पोचते?

व्हेन म्हणजे केव्हा. लीव्ह म्हणजे सुटणे. रीच म्हणजे पोचणे. दोन्ही वाक्यांचे तोंड सारखे आहे. फरक आतल्या शब्दात आहे. नुसते 'ट्रेन टाइम?' असे विचारले तर समोरच्याने कोणती वेळ सांगावी? सुटण्याची की पोचण्याची? म्हणून लीव्ह आणि रीच हे शब्द पाठ करा.

वेळेचा आणखी एक घोटाळा येथेच सांगतो. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. दुपारचा एक म्हणजे तेरा. रात्रीचे नऊ म्हणजे एकवीस. रात्रीचे बारा वाजले की घड्याळ शून्यावर येते आणि तारीख बदलते. समजा, तिकिटावर '१५ तारीख, ००:२०' असे आहे. म्हणजे गाडी चौदा तारखेच्या रात्री, बारा वाजून वीस मिनिटांनी सुटणार. तुम्हांला चौदा तारखेला रात्रीच स्टेशनावर गेले पाहिजे. पंधरा तारखेच्या रात्री गेलात तर गाडी आदल्या रात्रीच निघून गेलेली असेल. शिकलेली माणसेही येथे फसतात. तिकिटावर शून्य-शून्य दिसले की सावध व्हा.

तिसरी गोष्ट, 'जाणे' आणि 'थांबणे'.

डझ धिस ट्रेन गो टू सोलापूर? — ही गाडी सोलापूरला जाते का?
डझ धिस ट्रेन स्टॉप ॲट मोहोळ? — ही गाडी मोहोळला थांबते का?

दादांचे गाव मोहोळजवळ आहे असे समजा. सोलापूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी मोहोळवरूनच जाते. पण प्रत्येक गाडी तेथे थांबत नाही. 'मोहोळवरून जाते का' असे विचारले तर उत्तर 'होय' येईल. ते खोटे नाही. तरीही गाडी तुमच्या डोळ्यांदेखत मोहोळ सोडून पुढे जाईल. लहान स्टेशनावर उतरायचे असेल तर 'गो' विचारू नका, 'स्टॉप' विचारा.

आणखी एक सारखा दिसणारा प्रश्न आहे.

इज धिस द ट्रेन फॉर सोलापूर? — सोलापूरची गाडी ती हीच ना?

आरक्षणाचे तिकीट असेल तर एवढ्यानेही भागत नाही. सोलापूरला जाणाऱ्या गाड्या अनेक. तुमची जागा एकाच गाडीत. दुसऱ्या गाडीत बसलात तर ती सोलापूरला जाईल खरी, पण तेथे तुमची जागा नसेल. वर दंडही भरावा लागेल. प्रत्येक गाडीला पाच आकडी नंबर असतो. तो तिकिटावर छापलेला असतो. गाडीच्या डब्यावरच्या पाटीशी तो पडताळून पाहा. आकडे वाचता येणाऱ्याला हे काम जमते. रेल्वेची माहिती १३९ या नंबरवर फोन करूनही मिळते.

७. बोलण्याची रीत

आपण रस्त्यात कोणाला विचारताना 'अहो भाऊ', 'अहो ताई' म्हणतो. एकदम 'गाडी कुठंय?' असे म्हणत नाही. इंग्रजीत सुरुवातीला 'एक्सक्यूज मी' म्हणावे. विनंती करताना 'प्लीज' म्हणावे. उत्तर मिळाले की 'थँक यू' म्हणावे. उत्तर कळले नाही तर मान डोलवून पुढे जाऊ नये. 'प्लीज से इट अगेन' म्हणावे. म्हणजे 'कृपा करून पुन्हा सांगा'. न कळता 'येस' म्हणणे ही सगळ्यांत महाग चूक आहे.

आजकाल पुष्कळांजवळ मोबाइल असतो. तो वाट दाखवतो, भाषाही बदलून देतो. त्याचा उपयोग जरूर करावा. पण कधी त्याची बॅटरी संपते, कधी रेंज नसते. म्हणून जायच्या जागेचे पुरे नाव, स्टेशनाचे नाव आणि गाडीचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा.

शब्द आणि अर्थ

डझ — (वाक्याच्या आरंभी) ...का?
व्हेअर — कुठे
व्हिच — कोणता, कोणती, कोणते
व्हेन — केव्हा
हाऊ — कसे
हाऊ फार — किती दूर
हाऊ लाँग — किती वेळ
हाऊ मच — किती पैसे
गेट टू — पोचणे
गेट ऑन — चढणे
गेट ऑफ — उतरणे
लीव्ह — सुटणे
रीच — पोचणे
स्टॉप — थांबणे, थांबा
फ्रॉम — हून
टू — ला

अभ्यास

(अ) कोणता प्रश्न विचाराल ते सांगा.
१. तुम्हांला स्टँडवर उभ्या असलेल्या बसचे शेवटचे गाव जाणून घ्यायचे आहे.
२. स्टँडवर दहा बसगाड्या आहेत. त्यांतली वेल्लोरची बस ओळखायची आहे.
३. नऊ वाजले आहेत. दहाला दवाखान्यात पोचायचे आहे. वेळेवर पोचू की नाही ते पाहायचे आहे.
४. तुम्हांला लहान स्टेशनावर उतरायचे आहे. समोर वेगवान गाडी उभी आहे.

(आ) उत्तरे लिहा.
१. 'व्हेअर इज द हॉस्पिटल' असे विचारल्यावर त्या माणसाने नुसता हात का दाखवला?
२. कंडक्टरने मान डोलवल्यावर वहिनींनी कोणता प्रश्न विचारला? तो का बरा?
३. तिकिटावर '२० तारीख, ००:४५' असे आहे. स्टेशनावर कोणत्या तारखेच्या रात्री जावे?

(इ) दोघे दोघे समोरासमोर बसा. एकाने कंडक्टर व्हावे, दुसऱ्याने उतारू. उतारूने या पाठातले प्रश्न विचारावेत. कंडक्टरने प्रश्नाचा पहिला शब्द ऐकून उत्तर द्यावे. मग कामे बदलावीत.

(ई) आपल्या घरातले कोणी परमुलखात जाणार असेल तर त्यांच्यासाठी एक कागद तयार करा. त्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत पाच प्रश्न लिहा. प्रत्येकाखाली त्याचे उत्तर कशाचे येईल तेही लिहा: होय-नाही, नाव, वेळ की पैसे.